चढावरचा दमेकरी

माझ्या डिझेल गाडीचा आजार अत्यंत मुत्सद्दी होता. सपाट रस्त्यावर तो कधीही डोके वर काढत नसे. चढ लागला, गाडीत चार माणसे बसलेली असली आणि पुढच्या ट्रकला ओलांडण्यासाठी मी गिअर उतरवून ॲक्सिलरेटर दाबला, की बॉनेटखालून कोणी दातांच्या फटीतून श्वास सोडावा तसा आवाज येई, मागे काळ्या धुराचा पडदा पसरे, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागे आणि गाडी इतक्या अदबीने मंदावे की ट्रकचा चालकच मला आधी पुढे जाण्याची खूण करी आणि नंतर नाइलाजाने स्वतः निघून जाई. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले, की दिवा तेवढा जळत राही. बाकी गाडी काहीच घडले नाही अशा थाटात धावू लागे. या अवस्थेला लिम्प मोड म्हणतात, म्हणजे इंजिनाचे नुकसान होऊ नये म्हणून गाडीच्या संगणकाने दिलेली लंगडत घरी जाण्याची परवानगी, हे मला पुढे कळले. त्या क्षणी कळली होती ती फक्त मागच्या सीटवरची शांतता.

पहिल्या गॅरेजमधल्या तरुण मेकॅनिकने स्कॅनर जोडला, पडद्याकडे पाहिले आणि बॉनेट न उघडताच निकाल दिला : "पी ०२९९. टर्बो गेला, साहेब." आता पी ०२९९ या कोडचा अर्थ इतकाच, की टर्बोकडून हवेचा जेवढा दाब अपेक्षित आहे, तेवढा इंजिनापर्यंत पोहोचत नाही. नळाला पाणी येत नाही एवढ्यावरून पंप जळाल्याचे जाहीर करावे आणि मधली पाइपलाइन कोणी पाहूच नये, तसा हा न्याय होता. परंतु हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. टर्बो हा गाडीतील फार महागड्या अवयवांपैकी एक आहे, एवढेच ठाऊक होते, आणि ते भयभीत होण्यास पुरेसे होते.

त्या रात्री मी टर्बो या विषयाचा व्यासंग केला. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली याचे पेटंट घेतले. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्री फिरवायची आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रीने इंजिनात हवा दाबून भरायची, ही ती कल्पना. तो दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ असते, म्हणून तिला वाटेत गार करण्यासाठी इंटरकूलर असतो. एवढे समजल्यावर मला अडीच वाजेपर्यंत झोप लागली नाही, कारण यातील प्रत्येक गोष्ट बिघडू शकते हे त्याबरोबरच समजले होते. सकाळी मी स्वतःच्या अधिकारात एअर फिल्टर बदलला, हवा मोजणारा सेन्सर बदलला आणि व्हॅक्यूमची एक निरोगी नळी केवळ संशयावरून सेवानिवृत्त केली. कोड तोच राहिला.

मग मी इंटरकूलरचा वरचा पाइप सोडवला, बोट आत घातले आणि ते ऑइलने माखून बाहेर आले. टर्बोचे सील फुटल्याचा पुरावा म्हणून ते बोट तसेच उभे धरून मी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. तेथील वयस्क मेकॅनिकने बोटाकडे पाहिले आणि मला पुसायला फडके दिले. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ पुन्हा हवेच्या वाटेत सोडलेली असते, त्यामुळे एवढा ओलावा धडधाकट गाडीतही असतो, असे त्यांनी सांगितले. ऑइलचे तळे साचले असते तर मात्र गोष्ट वेगळी. ते साफ न करता नवा टर्बो बसवला तर डिझेल इंजिन तेच ऑइल इंधन म्हणून ओढू लागते आणि किल्ली काढून घेतली तरी बेफाम पळत राहते. (हे ऐकल्यापासून मी किल्लीकडे पूर्वीच्या आदराने पाहू शकलेलो नाही.) त्यांनी टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून दांडा दोन बोटांनी हलवून पाहिला. आडवा तो किंचित हलला, पुढे-मागे मुळीच हलला नाही, आणि पाती कोठेही घासलेली नव्हती. "याला उगाच आरोपी केलंय," ते म्हणाले.

खरी अडचण पुढेच होती. उभ्या गाडीत इंजिन कितीही गुरगुरवले तरी त्यावर ओझे नसते, त्यामुळे टर्बो जेमतेम दाब देतो आणि गळतीला गळण्याचे कारणच उरत नाही. गॅरेजमध्ये माझी गाडी निष्पाप दिसत होती आणि मी भ्रमिष्ट. "हिला ओझं द्या, मग बोलेल," असे म्हणून ते स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसले आणि आम्ही चढ शोधत निघालो. संगणक २२० किलोपास्कल मागत होता, मिळत होते १५०. काळा धूर वेळेवर हजर झाला. त्याचे कारण त्यांनी सांगितले ते मला कार्यालयीन अनुभवामुळे तत्काळ पटले : सेन्सर आत शिरणारी हवा मोजतो, संगणक त्या हिशेबाने डिझेल सोडतो, आणि हजेरीपटावर सही केलेली हवा मधल्या मागच्या दाराने निघून जाते. काम करायला कोणीच नसते. डिझेल अर्धवट जळते आणि काजळी होते.

परत आल्यावर त्यांनी हवेच्या वाटेची दोन्ही टोके बुचांनी बंद केली, गॅरेजमधल्या हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरमधून सुमारे १ बार दाब सोडला आणि पाइपांवर साबणाचे पाणी शिंपडले. वर काहीच झाले नाही. खाली, इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या पोटाशी, जेथे तो एका लोखंडी पट्टीला वर्षानुवर्षे घासत होता, तेथे बुडबुड्यांचा मोठा घोस फुलला. मी हर्षाने ओरडलो. शेजारच्या गाडीखाली झोपलेला मुलगा दचकून उठला आणि त्याचे डोके आपटले.

पाइप बदलायला अर्धा तास लागला. नवा क्लॅम्प बसवला, पट्टी वाकवून दूर केली आणि कोड पुसला. पहिल्याच चढावर गाडी अशी झेपावली की मी दचकून पाय काढला. आता टर्बोची निरोगी, बारीक शिट्टी ऐकू येते, आणि ती ऐकण्यासाठी मी गाडीत सर्वांना गप्प बसवतो.

जुना पाइप मी जपून ठेवला आहे. घरी आलेल्यांना तो दाखवतो, तेव्हा ते उलटसुलट करून पाहतात आणि यात तर काहीच खराब दिसत नाही, असे म्हणतात. तो हातात घेऊन जोराने वाकवावा लागतो; मग ३ सेंटीमीटरची भेग ओठासारखी उघडते आणि सोडला की पुन्हा मिटते.