ड्रेस्डेन की लंडन? काल कट्ट्यावर झालेलं भांडण

काल टपरीवाल्याने शटर अर्धं ओढलं तेव्हा विषय निघाला आणि मग साडेअकरापर्यंत कोणी उठलंच नाही. मंद्याने नुकतंच कर्ट व्हॉनेगटचं 'स्लॉटरहाऊस फाईव्ह' वाचून संपवलेलं आणि तो जाम भडकलेला. म्हणे दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यात जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात माणसं जिवंत जळली आणि हा लेखक मध्येच परग्रहावरचे प्राणी घुसवतो, ही काय पद्धत झाली का?

मी म्हटलं अरे तो स्वतः तिथे होता! फेब्रुवारी 1945, अमेरिकन युद्धकैदी, कत्तलखान्याखालच्या मांस साठवायच्या तळघरात बसून वाचला, वर आला तर शहर गायब, आणि मग त्याच पोरांना ढिगाऱ्यातनं प्रेतं उपसायला लावलं. पुस्तक आलं 1969 ला. 24 वर्षं! सरळ सांगता आलं असतं तर सांगितलं नसतं का त्याने? कादंबरीचा नायक बिली पिलग्रिम काळातनं घसरत राहतो ना, कधी लग्नात, कधी म्हातारपणी, कधी परत युद्धात, तो प्रकार माझ्या मते अशा माणसाच्या डोक्याचा अगदी खरा नकाशा आहे. आणि तो युद्धाचा सिनेमा उलटा दिसतो तो भाग आठव, विमानं शहरातली आग ओढून डब्यात भरतात, बॉम्ब परत पोटात घेतात आणि मागे मागे उडत घरी जातात. मी तो भाग बसमध्ये वाचत होतो, स्टॉप कधी गेला कळलंच नाही.

मंद्या म्हणाला, मग आकड्याचं काय? पुस्तकात 1,35,000 मेले असं येतं, आणि इतिहासकारांच्या समितीने 2010 ला सांगितलं की जास्तीत जास्त 25,000. आता यावर मी काय बोलणार, मुद्दा बरोबर होता. तो आकडा डेव्हिड आयर्व्हिंग या ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकातनं आला आणि कादंबरी गाजली तसा जगभर पसरला. हे मला खरंच खटकतं.

तेवढ्यात सायली, जी इतका वेळ नुसती ऐकत होती, म्हणाली तुम्ही दोघं आकड्यावर भांडताय म्हणजे कॉनी विलिस या अमेरिकन विज्ञानकथा लेखिकेची 'फायर वॉच' वाचलीच नाहीये. 1982 ची कथा. भविष्यातला इतिहासाचा विद्यार्थी 1940 च्या, जर्मन बॉम्ब पडत असलेल्या लंडनमध्ये जातो, सेंट पॉल्स या मोठ्या चर्चच्या छतावर आग विझवणाऱ्यांबरोबर रात्री काढतो. आग लावणारे बॉम्ब छोटेच असायचे, एकेक साधारण किलोभराचा, पण आत मॅग्नेशियम, त्यामुळे पेट घेतला की नुसती बादली ओतून भागायचं नाही, वाळू टाकायची नाहीतर हातपंपाने बारीक फवारा मारायचा, तेही अंधारात, उतरत्या छपरावर. आणि हा पोरगा परत आल्यावर परीक्षेत त्याला विचारतात काय, तर किती बॉम्ब पडले, किती माणसं मेली. तो उसळतो. ती माणसं होती, आकडे नव्हते!

मंद्या गप्प झाला, पण दोनच मिनिटं. मग म्हणे हीच विलिसबाई ना, जिच्या 'ब्लॅकआउट' कादंबरीत 1940 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेची ज्युबिली लाईन आहे? ती लाईन सुरू झाली 1979 ला! यावर सगळे एकदम बोलायला लागले. मला विचाराल तर चूक ती चूकच, वाचताना दातात खडा येतो. पण त्या छतावर मी उभा राहिलो तो तिच्यामुळेच, कारण चर्च वाचलं हे त्या पोराला माहितीये आणि मलाही माहितीये, पण शेजारी वाळूची बादली घेऊन धावणाऱ्याला नाहीये. ही गोष्ट नुसता इतिहास वाचून मला कधीच जाणवली नव्हती.

पक्या दोन वर्षं लंडनला होता. तो म्हणाला त्या पहाऱ्याच्या लोकांची आठवण म्हणून सेंट पॉल्सच्या फरशीतच एक दगड बसवलाय, लोक वर घुमटाकडे बघत बघत त्याच्यावरून चालत जातात, मीही तसाच गेलो होतो, नंतर कुणीतरी दाखवला म्हणून मागे फिरलो.

गाडीला किक मारता मारता मंद्याने सायलीला विचारलं, 29 डिसेंबरच्या रात्री घुमटावर जो बॉम्ब अडकला होता, ज्याने शिसं वितळायला लागलेलं, त्याचं पुढे काय झालं? ती म्हणाली, बाहेरच्या बाजूला सुटून खालच्या गॅलरीत पडला, तिथे विझवला. मंद्या म्हणाला, कथा पाठव.