माल खाणार कोण, हे विचारू नये

सांगली जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला धंद्याच्या संधींची वाण कधीच पडत नाही. विश्रामबागेतल्या एखाद्या हॉटेलच्या सभागृहात दर रविवारी कोणीतरी कोणाचे तरी आयुष्य बदलून टाकत असते आणि दुपारी जेवणही देत असते. खरी अडचण असते ती निवडीची, कारण कोणती संधी कवटाळावी आणि कोणती दारातूनच परत लावावी, हे शाळेत शिकवत नाहीत. गेल्या पंधरा वर्षांत या विषयाचा मी स्वतःच्या पैशाने जो अभ्यास केला, त्याचे सार तरुण वाचकांच्या हाती द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सर्वांत महत्त्वाचे असे की, धंदा पाहू नये, धंदा सांगणारा पाहावा. त्याने कोट घातला आहे का, हे आधी बघावे. एप्रिल महिन्यात सांगलीत कोट घालून दोन तास उभा राहणारा माणूस स्वतःच्या सुखासाठी तसे करत नसणार, तेव्हा तो ते आपल्याच भल्यासाठी करत असला पाहिजे, हे उघड आहे. पडद्यावर पहिल्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत चढत जाणारी रेघ असावी. ती खाली येताना दाखवणारा मनुष्य प्रामाणिक असेलही, पण त्याच्याकडे जेवण नसते.

मला अशी संधी प्रथम २०१० साली भेटली. ती इमू या पक्ष्याच्या रूपाने आली. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, उंचीला माणसाएवढा, उडता न येणारा आणि गडद हिरवी अंडी घालणारा. कंपनीचे म्हणणे सरळ होते: पिलांची जोडी आमच्याकडून विकत घ्या, खाद्य आमच्याकडून घ्या, अंडी आम्हालाच विका. हे सगळे स्टॅम्प पेपरवर लिहून मिळणार होते आणि स्टॅम्प पेपरवर लिहिलेले घडतेच, अशी आमच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एका जोडीची इतकी अंडी, त्यांतून इतकी पिले, त्या पिलांच्या पुन्हा जोड्या, असे करत गेल्यावर सहाव्या वर्षी माझे उत्पन्न गावच्या साखर कारखान्याला मागे टाकत होते, म्हणून नम्रपणाने मी पाचव्याच वर्षी थांबलो.

सगळे सुरळीत चालले असताना आमच्या आत्याबाई शेडपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्या पक्ष्याकडे बराच वेळ पाहिले, पक्ष्यानेही मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिले आणि मग त्यांनी विचारले, “बाळ, ह्ये खातंय कोण?” मी त्यांना खाद्याच्या पोत्याकडे बोट दाखवून इमू काय खातो ते सांगू लागलो. त्या म्हणाल्या, “त्यो काय खातोय ते न्हाई इचारलं. त्याला कोण खातंय?”

वाचकहो, हा प्रश्न धंद्याचा मूळ शत्रू आहे. तो विचारला की उत्तर शोधावे लागते. मी शोधले असते, तर मला असे कळले असते की सांगलीच्या बाजारात इमूचे मटण मागणारे गिऱ्हाईक दिसत नाही, इमूच्या तेलाची महती फक्त तेल विकणाऱ्यालाच ठाऊक आहे आणि माझ्याकडची अंडी विकत घेण्याचे पैसे कंपनीकडे येतात ते माझ्यानंतर जोडी विकत घेणाऱ्या माणसाकडून. म्हणजे या व्यवसायात खरा खपणारा माल अंडी नव्हे, पिले नव्हे, तर पुढचा शेतकरी हाच होता. पुढचा शेतकरी मिळेनासा झाला, त्या दिवशी कंपनीचा फोन लागेनासा झाला. २०१२ च्या सुमारास असे अनेक फोन एकदम लागेनासे झाले आणि तमिळनाडूपासून महाराष्ट्रापर्यंत गावोगावी हे उंच पक्षी मालकांकडे, आणि मालक पक्ष्यांकडे, पाहत उभे राहिले.

एवढ्यावरून माणूस शहाणा होतो असे समजणाऱ्यांनी २०१९ साली इस्लामपुरात येऊन पाहायला हवे होते. या वेळी कडकनाथ कोंबडी होती. ती मध्य प्रदेशातल्या झाबुआची, मांसापर्यंत काळी, आणि इमूपेक्षा पुष्कळच बुटकी. आमच्या गल्लीत यावर गंभीर चर्चा झाली आणि इमू फार उंच असल्यामुळे बुडाला, असा निष्कर्ष निघाला. कोंबडीला तर शेकडो वर्षांची खवय्यांची परंपरा आहे, तेव्हा ‘खातंय कोण’ या प्रश्नाचेही तोंड बंद झाले. फक्त दोन-तीन जिल्ह्यांत एकाच वेळी हजारो घरी निघणारी ती महागडी अंडी त्या भावाने रोज सकाळी विकत घेणारा माणूस कोण, एवढे विचारायचे राहून गेले. पुढे तक्रारी झाल्या, गुन्हे दाखल झाले, वर्तमानपत्रांत रकाने भरले. कोंबड्यांना यातले काही माहीत नसल्यामुळे त्या अंडी देतच राहिल्या.

आता फेटाळण्याच्या शास्त्राकडे वळू. यासाठी दोन वाक्ये पाठ असावीत. पहिले: “यात पैसा असता, तर आधीच कोणी केले नसते का?” दुसरे: “हे तर सगळेच करतात, त्यात आता काय उरले?” ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे जगातला कोणताही उद्योग या दोहोंच्या तावडीतून सुटत नाही. एका वाक्यातून निसटला, तर दुसऱ्यात सापडतोच.

हे शास्त्र आमच्या भागात जुने आहे, पण ते काही जणांनी मनावर घेतले नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी त्यांना सांगत होते. सायकलींचे दुकान चालवलेल्या गृहस्थाने एवढा स्पष्ट सल्ला मिळाल्यावर गप्प बसायला हवे होते. त्याऐवजी त्यांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, निवडुंग माजलेल्या माळावर कारखाना काढला. तिथे मी सल्लागार असतो, तर जागा पाहूनच परत फिरवले असते, आणि आज कुंडलजवळ तो निवडुंग सुरक्षित राहिला असता. चितळ्यांनी साताऱ्याकडचे लिंब गाव सोडून १९३९ साली भिलवडीला दुधाचा धंदा थाटला, तोही असाच अविचाराने. दूध तर घरोघरी होते! त्यांनी पाहिले ते एवढेच की इथे म्हशी आहेत, कृष्णेचे पाणी आहे आणि मुंबईला माल नेणारी रेल्वे आहे. म्हणजे दूध पिणार कोण आणि त्याच्यापर्यंत ते पोहोचणार कसे, हा आमच्या आत्याबाईंचाच प्रश्न त्यांनी आधी विचारला होता. असे लोक धंद्यातली सगळी गंमत घालवतात.

माझ्या स्वतःच्या हातून झालेला एक उत्तम नकार येथे नोंदवतो. विट्याजवळच्या एका गावचा माझा वर्गमित्र शाळा अर्धवट टाकून केरळला गलाईच्या दुकानात कामाला गेला. खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली आणि पलीकडे माण-खटावची हजारो माणसे अशीच देशभर पांगली आहेत. शेतात पाणी नव्हते, म्हणून त्यांनी सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याची विद्या पत्करली. चार-पाच वर्षांनी तो यात्रेला गावी आला आणि नवीन दुकानात मला भागी देतो म्हणाला. मी धंद्याची माहिती विचारली, तेव्हा त्याने सांगितले की, जुने दागिने आटवणे हे तर आहेच, पण सराफांच्या दुकानातली झाडलोटही आपण विकत घेतो. ती जाळायची, धुवायची, ॲसिडमध्ये घालायची आणि तिच्यातले सोन्याचे कण वेगळे काढायचे. तो हे सांगत असताना मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. नायट्रिक ॲसिडने त्याची बोटे आणि नखे पिवळी पडली होती आणि अंगावर कोट नव्हता. पदवीधर माणसाने परमुलखात जाऊन दुसऱ्याच्या दुकानातला केर विकत घ्यावा, ही सूचना मी हसण्यावारी नेली. त्याचा गावाकडचा बंगला आज एसटीतून जाताना दिसतो. मी शक्यतो दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसतो.

तासगावचा बेदाणा मी असाच सोडला. चार किलो द्राक्षे वाळवून जेमतेम एक किलो माल हाती येतो, हे ऐकल्यावर तीन किलो कुठे गेले, याचा हिशेब कोणी स्टॅम्प पेपरवर देईना.

राहिली भडंगाची गोष्ट. ज्या वर्षी इमू आला, त्याच वर्षी आमच्या मागच्या बोळातल्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. त्या घरी भडंग करून चार दुकानांत देत असत. शेड भाड्याने द्यावी आणि जमल्यास थोडे भांडवल घालून निम्मी भागी घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याजवळ पडदा नव्हता, रेघ नव्हती. होती ती एक शंभर पानी वही, तिच्यात कोणत्या दुकानात सोमवारी किती पुडे गेले आणि शनिवारी किती परत आले, एवढेच लिहिलेले. पाचव्या वर्षी काय होईल असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ते कसं सांगू भाऊ? गेल्या आठवड्यात तीन पुडे परत आलेत, लसूण जरा करपला होता.” स्वतःच्या मालाचा दोष पहिल्याच भेटीत सांगणाऱ्या व्यक्तीबरोबर भागी करणे मला धोक्याचे वाटले. शिवाय चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट हे सांगलीत कोणाच्या घरात नसते? मी दुसरे वाक्य म्हटले आणि त्यांना चहा देऊन वाटेला लावले.

सध्या शेड त्यांच्याकडेच आहे. इमू गेल्यावर ती रिकामी पडली, म्हणून मी भाड्याने दिली. तिथे आता सात बायका कामाला येतात. सकाळी दहाच्या सुमारास कढईत लसूण पडतो, त्याचा वास माझ्या माडीपर्यंत येतो आणि गल्लीतून जाणारी माणसे पावले सावकाश टाकतात. दर महिन्याच्या पाच तारखेला काकू भाडे आणून देतात, पावती मागून घेतात आणि वर एक पुडा ठेवतात. परवा त्यांनी विचारले की, मागच्या अंगाला इमूसाठी बांधलेली उंच जाळी अजून तशीच आहे, ती काढून तिथे पोती ठेवायला जागा करावी का?

मी त्यांना थोडे थांबायला सांगितले आहे. रविवारी विश्रामबागेत शहामृगाविषयी बैठक आहे.