‘खऱ्याला खोटं म्हणतात’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी सांगतो. कॅनडाला गेलेल्या धाकट्या भावाच्या तीन फिगर (जपानी कार्टूनमधल्या पात्रांच्या, सांधे हलणाऱ्या प्लास्टिकच्या मूर्ती) तुम्ही आमच्या बडोद्यातल्या रावपुऱ्याच्या दुकानात विकायला आणल्या होत्या: ‘ड्रॅगन बॉल’मधले गोकू आणि पिकोलो, आणि ‘इव्हँजेलियन’मधली रेई. त्यातला गोकू आम्ही नकली ठरवला, सीलबंद रेईला उघडलेल्या पिकोलोपेक्षा कमी भाव सांगितला, पिकोलोला हेअर ड्रायरने तापवून आम्ही ‘मोडायला बसलो’, आणि वर ३०० रुपये तपासणीचे घेतले, अशी तुमची तक्रार आहे. शेवटी ‘मराठी माणूसच मराठी माणसाला फसवतो’ हेही आहेच.

पैशांचं आधी उरकतो. फीची पाटी काउंटरवर लावलेली आहे, पावती तुम्हाला दिली आहे, आणि माल आम्हाला विकला तर ती रक्कम भावात धरली जाते. तुम्ही विकला नाहीत.

आता गोकू. ‘नुसतं हातात घेऊन नकली म्हणाले’ असं तुम्ही लिहिलंय. नुसतं हातात घेऊन नाही, पण हातात घेतल्यावर संशय आला हे खरं. डबा उघडताच रॉकेलसारखा वास आला. वासावरून कोणी निकाल देत नाही, म्हणून भिंग काढलं. बंडाई या जपानी कंपनीच्या या आकाराच्या फिगरचे डोळे छापलेले असतात, कडा धारदार असतात. तुमच्या गोकूच्या डाव्या डोळ्याची काळी रेघ गालाकडे ओघळली आहे आणि दोन्ही बुबुळं एका दिशेला बघत नाहीत. केशरी कपड्यावर चकाकी आहे, अस्सल मालात तो रंग मॅट असतो. केसांच्या टोकांवर साच्याची शिवण तशीच राहिली आहे. गुडघ्यातली पिन वेगळ्याच रंगाची आहे. आणि मांडीचा जॉइंट इतका ढिला की फिगर उचलली की पाय आपोआप लोंबतो.

तुम्ही तेव्हा स्टिकर दाखवला होतात. जपानी बाजारासाठीच्या ड्रॅगन बॉलच्या डब्यावर ती मालिका बनवणाऱ्या तोएई अ‍ॅनिमेशनचा, बूट घातलेल्या मांजराचा छोटा चमकता स्टिकर असतो, हे तुमच्या भावाने तुम्हाला बरोबर सांगितलं आहे. पण स्टिकर छापणं हे फिगर बनवण्यापेक्षा कितीतरी सोपं काम आहे, त्यामुळे नकली डब्यावरही तो असतोच. उलट परदेशी वितरकामार्फत आलेल्या अस्सल डब्यावर वेगळाच स्टिकर सापडू शकतो. आम्ही स्टिकर बघतो, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी डब्याच्या तळाशी बर्ड स्टुडिओ, शुएइशा आणि तोएई या हक्कदारांच्या नावांची कॉपीराइटची ओळ वाचतो. तुमच्या डब्यावर ती ओळ इतकी पुसट आहे की दुसऱ्या डब्याचा फोटो काढून त्यावरून पुन्हा छापलेली आहे हे उघड दिसतं. भावाने ही फिगर ऑनलाइन कोणाकडून तरी ‘ओरिजिनल, विदाउट बिल’ अशी घेतली होती, हे तुम्हीच सांगितलंत. त्यात त्याला दोष नाही, फसवणूक विकणाऱ्याची आहे. पण ती फसवणूक मी पैसे देऊन पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधणार नाही.

आणि एक गंमत तुमच्या अभिप्रायात राहून गेली. तुम्हाला संशय होता तो पिकोलोचा. कारण नेटवर कुठेतरी वाचलं होतंत की खऱ्या डब्यावर ‘बंडाई स्पिरिट्स’ असं नाव असतं, आणि पिकोलोच्या डब्यावर नुसतं ‘बंडाई’ आहे. बंडाई स्पिरिट्स ही कंपनीच २०१८ मध्ये उभी राहिली. मोठ्यांसाठीच्या संग्राह्य मालाचं काम तेव्हा तिच्याकडे गेलं. तुमचा पिकोलो ज्यातला आहे ती बंडाईची एस. एच. फिगुआर्ट्स ही फिगरची मालिका मात्र २००८ पासूनची. म्हणजे तिच्या पहिल्या दशकातल्या डब्यावर ‘स्पिरिट्स’ नसणं हेच बरोबर आहे. आम्ही तुमचा पिकोलो अस्सल ठरवला आणि तिघांत सगळ्यात जास्त भाव त्यालाच सांगितला. फसवायचंच असतं तर त्या दिवशी तुम्ही स्वतःच तो ‘हा बहुतेक डुप्लिकेट’ म्हणत पुढे सरकवला होतात, मी मान डोलावली असती तर काम झालं असतं.

आता ड्रायर. पिकोलोचा उजवा कोपर हलत नव्हता. बराच काळ एकाच पोझमध्ये उभ्या असलेल्या फिगरमध्ये रंग सांध्यात चिकटून बसतो. अशा वेळी जोर लावला तर आतला पेग (सांधा जोडणारी खुंटी) आधी पिळतो, पांढरा पडतो आणि मग तुटतो. तुटलेला पेग काढून नवा बसवणं म्हणजे ड्रिलने भोक पाडण्याचं काम, आणि त्यानंतर ती फिगर दुरुस्त केलेली म्हणूनच विकावी लागते. म्हणून मध्यम गरम हवा थोड्या अंतरावरून देतो, पीव्हीसी प्लास्टिक किंचित मऊ होतं आणि सांधा हळूच सुटतो. कोमट पाण्यात बुडवूनही हेच करता येतं. तुमच्यासमोर कोपर सुटला आणि मूठ खांद्यापर्यंत गेली, तेव्हा तुम्ही फोनवर होतात.

पण तो हलवायचाच कशाला, असा तुमचा खरा प्रश्न आहे. जुनी स्कूटर घेताना किक मारून बघतोच ना, तसं आहे हे. हलणारी फिगर शोकेसमधल्या पुतळ्यासारखी तपासता येत नाही. तिची सगळी किंमत सांध्यांत असते. प्रत्येक कंपनीचा सांधा वेगळा, म्हणून कसोटीही वेगळी. फिगुआर्ट्सबरोबर बहुतेक वेळा स्टँड येत नाही, त्यामुळे घोटा बाजूला किती कलतो आणि फिगर एका पायावर उभी राहते का, हे आम्ही आधी बघतो. तुमचा पिकोलो राहिला. फिग्मा या दुसऱ्या जपानी मालिकेच्या डब्यात स्वतःचा स्टँड असतो आणि पाठीत त्यासाठी भोक असतं, तिथे घोटा थोडा सैल असला तरी मी फार भाव पाडत नाही, पण मनगटाचे बारीक पेग भिंगाखाली घेतो, कारण हात बदलताना तेच तुटतात. कायोदो कंपनीच्या रिव्हॉल्टेक मालिकेचे सांधे तर वळवताना कटकट आवाज करतात. आवाज गेला की सांध्याचे दाते झिजले असं समजायचं. सैल सांध्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन तो घट्ट करणारे पुष्कळ जण आहेत. करावं खुशाल, फक्त विकताना सांगावं. आम्हाला ते हाताला कळतंच.

रेईबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त चिडलात, आणि तिथे तुमचा राग मला कळतो. इव्हँजेलियनमधली पांढऱ्या प्लगसूटातली (अंगाला चिकटलेल्या पोशाखातली) रेई, फिग्माची, डब्याची टेप शाबूत. नेटवर ‘सील्ड’ म्हणून लोक मोठे आकडे मागतात. पण मागितलेला आकडा आणि प्रत्यक्ष विकलेला आकडा यांत केवढी दरी असते, ते विकल्या गेलेल्या मालाची यादी उघडून कोणीही बघू शकतं. सील तुमच्या परवानगीशिवाय मी फोडलं नाही. फोडायची गरजही नव्हती. डब्याच्या खिडकीतून दिसत होतं की आतल्या पारदर्शक साच्यावर तेलकट धुकं धरलंय आणि सूट चेहऱ्यापेक्षा पिवळा पडलाय.

पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात, ते काळाने आणि उष्णतेने बाहेर येतं. मोकळ्या शेल्फवर ते थोडंफार उडून जातं, बंद डब्यात तिथेच साचून राहतं. म्हणून कधीच न उघडलेली फिगर हाताला चिकट लागणं ही काही नवलाची गोष्ट नाही. डबा पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर होता हे तुम्हीच सांगितलंत. बडोद्याचा मे महिना आणि पत्र्याचं छप्पर! चिकटपणा कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने बराच जातो (स्पिरिट किंवा थिनर लावू नका, रंग जाईल), पिवळेपणा मात्र राहतो. शिवाय सांधे कसे आहेत ते सील असेपर्यंत मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्याचे पैसे मी देत नाही.

जपानमधल्या अमीअमी या दुकानाकडे वापरलेल्या मालाला दोन वेगळ्या श्रेणी देतात, एक वस्तूची आणि एक डब्याची. आम्हीही तसंच करतो. रेईचा डबा उत्तम आहे, रेई तशी नाही. याचं उलट उदाहरण या शहरात पुष्कळांनी बघितलंय. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरांत शिरलं, त्यानंतर कितीतरी लोक चिखलाने लडबडलेले डबे घेऊन आले. डबे रद्दीत गेले. फिगर धुतल्या, वाळवल्या, सांधे तपासले आणि त्यातल्या बऱ्याच चांगल्या भावाने गेल्या.

कस्टम ड्युटी वाढल्याने जुन्या मालाचा भावही वाढला, हा तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. त्यामुळे नवा माल महागला आणि जुन्यालाही थोडी उचल मिळाली. पण कंपनीने तीच फिगर पुन्हा काढली किंवा त्याच पात्राची नवी, जास्त वळणारी आवृत्ती आणली, की जुन्याचा भाव एका रात्रीत बसतो. ड्रॅगन बॉलमध्ये हे सारखं होतं. मी जो भाव देतो त्यात ही जोखीम माझी असते.

मराठी माणसाबद्दल काय बोलू? गोकू नकली आहे हे मी तुम्हाला मराठीत सांगितलं, गुजराती गिऱ्हाइकाला गुजरातीत सांगतो.

पिकोलोचा सांगितलेला भाव या महिनाअखेरपर्यंत कायम आहे. दुसरीकडे दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, फक्त डोक्यावरच्या मिशा धरून उचलू देऊ नका. आणि भावाला एक विचारा: पिकोलोच्या ट्रेमध्ये बदली हातांचे दोन खाचे रिकामे होते, ते हात त्याने वेगळे कुठे ठेवलेत का? सापडले तर फोटो पाठवा, भाव वाढवून देईन. पुन्हा तपासणीची फी लागणार नाही.