मुलगा पुण्याला, टाकी नेरूळला

घरात खाऱ्या पाण्याची टाकी असली की पाहुणे मासे बघतात आणि घरातली माणसं काच बघतात. काचेवर आज काय उगवलंय, दगडाच्या कुठल्या भेगेतून काय डोकावतंय, कालपर्यंत नसलेला तो तपकिरी डाग कोणाचा! आमच्याकडे हे खातं माझ्याकडे आहे. टाकी मुलाची, मुलगा पुण्याला हॉस्टेलवर. जाताना म्हणाला, "काही नाही गं आई, नुसतं वरचं पाणी घालायचं."

त्या वरच्या पाण्याचंच आधी सांगते. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. आम्हा नवी मुंबईकरांना मोरबे धरणाचा केवढा अभिमान! ठाण्याच्या नातेवाइकांना टँकरवरून टोमणे मारायची ती आमची हक्काची जागा. पण मोरबेचं पाणी टाकीला चालत नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचंही नाही, कारण चवीसाठी ते यंत्र थोडं कच्चं पाणी परत मिसळतं. भरीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, शून्य हवा. त्यासाठी सिंकखाली वेगळा फिल्टर आहे, आणि त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नाही. एकदा सासूबाई चांगल्या मनाने तांब्याच्या कळशीतलं पाणी ओतायला निघाल्या. मी ओल्या हातांनी धावले. माशांचं एक वेळ निभावेल, पण कोळंब्या आणि शंखांना तांबं म्हणजे विष. "आम्ही जन्मभर प्यायलो, आम्हाला काही झालं नाही," असं म्हणून त्यांनी ती कळशी तुळशीला रिकामी केली.

आता मुख्य आरोपी. टाकीत मऊ प्रवाळच आहेत, मशरूम आणि झोआ. कठीण प्रवाळ १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते घरात ठेवायचे नाहीत, याबाबतीत मुलगा पक्का आहे. पण मशरूमच्या दगडाला चिकटून जे आलं त्याला कुठलाच कायदा लागत नाही. एप्टेशिया. जातीने समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी. अर्ध्या इंचाचं, तपकिरी, अर्धपारदर्शक, वर झावळ्या पसरलेलं नारळाचं झाडच. "किती गोड आहे गं!" सासूबाई म्हणाल्या. मलाही वाटलं. मुलाला फोटो पाठवला, तर लेक्चर सोडून त्याचा फोन.

हे गोड प्रकरण शेजारच्या प्रवाळाला डंख मारत सुटतं. उपटावं तर बुडाचा तुकडा दगडाला राहतो आणि त्या तुकड्याचं नवं समुद्रफूल होतं. नाही उपटलं तरी स्वतःहून जागा बदलताना मागे तुकडे टाकत जातं. प्रवाळाच्या अंगात जसं सूक्ष्म शेवाळ राहतं तसं याच्याही राहतं, म्हणून प्रवाळाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळांमधून हे मुद्दाम वाढवतात. २०१५ साली याचा जीनोमसुद्धा छापून आला. जगातले शास्त्रज्ञ ज्याचे लाड करतात त्याच्यामागे मी नेरूळमध्ये सिरिंज घेऊन फिरते.

सिरिंजमध्ये असतो चुना. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. मुलाने शुद्ध प्रतीचा, डबीतला आणून ठेवलाय. तो सिंकखालच्या फिल्टरच्या पाण्यात दाट कालवायचा, पंप बंद करायचे, पाणी थांबू द्यायचं. मग कोपरापर्यंत हातमोजा घालून सुई हळूहळू न्यायची. श्वास रोखायचा, का ते माहीत नाही, पण रोखला जातो. सुई बोटभर अंतरावर आली की समुद्रफुलाला कळतं. झावळ्या मिटतात, खोड आखडतं आणि सगळं प्रकरण भेगेत गुडूप. बाहेर उरतो एक निरागस दगड. मग वाट बघायची. खांदा भरून येतो. तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, बेल वाजते, किंवा सोसायटीचा वॉचमन पार्किंगमधली गाडी कोणाची विचारतो. परत वळून बघावं तर साहेब पूर्ण फुललेले. या वेळी थेट तोंडावर नेम धरायचा आणि पांढरा लगदा सोडायचा. तो थर बसला की समाधान होतं, अगदी मनापासून. पण एका बैठकीत दोन-तीनच मारायचे, कारण चुन्याने पाण्याचा पीएच वर चढतो. आपण तिघांना मारून हात धुवेपर्यंत चौथं मागच्या बाजूला, जिथे हात पोचत नाही अशा ठिकाणी, संसार थाटतं.

"पेपरमिंट कोळंबी आण," मुलगा म्हणाला. "ती एप्टेशिया खाते." दुकानदाराने पिशवीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, फार देखणी कोळंबी दिली. किंमत ऐकून मी सवयीने म्हटलं, "किलोला?" तो हसला नाही. घरी येऊन फोटो पाठवला. "आई, हिच्या पाठीला कुबड आहे. ही कॅमल कोळंबी आहे. ही एप्टेशिया नाही, मशरूम खाईल." तिला पकडायला पाऊण टाकी रिकामी करावी लागली. खरी पेपरमिंट नंतर आली. ती दिवसभर दगडाखाली बसते आणि रात्री माशांचं उरलेलं खाते. एप्टेशियाकडे ती क्वचित वळते, घरात दुसरं काहीच नसलं तर. सारसोळ्याची कोळीण दारावर येते तिला मी टाकी दाखवली. तिने खाली वाकून नीट बघितलं आणि म्हणाली, "वैनी, हिला काय फक्त बघायची?"

बर्घिया नावाची एक गोगलगाय आहे, ती मात्र एप्टेशियाशिवाय काही म्हणजे काही खात नाही. काम चोख करते आणि काम संपलं की उपाशी मरते. मला ते सहन होणार नाही, असं मी मुलाला सांगून टाकलंय.

शेवाळाचं मूळ मात्र घरातच सापडलं. हिरवं केसाळ शेवाळ दगडांवर बोट-बोट वाढायला लागलं तेव्हा मी जुन्या टूथब्रशने घासलं, ओढून काढलं, मोठे शंख आणून सोडले. शंख चरायचे बरं, पण वाटेतले प्रवाळ पाडत चालायचे, आणि स्वतः उताणे पडले की मी येऊन सरळ करेपर्यंत तसेच. शेवाळ कमी होईना. शेवाळाचं खाद्य म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. ती दोन्ही चढलेली, आणि फॉस्फेट मुख्यतः येतं माशांच्या खाण्यातून. मी तर चिमूटभरच घालत होते. मग एका दुपारी बघितलं, सासूबाई डब्याचं झाकण उघडून, "खा रे बाळांनो, तुमची आई कंजूष आहे." त्या दिवसापासून डबा माझ्या कपाटात. घरात दोन दिवस अबोला.

अबोला सुटला तो सल्ला देण्यासाठी. "ते दगड काढ आणि उकळत्या पाण्यात घाल. शेवाळ काय, शेवाळाचा बाप मरेल." मी पातेलं ठेवणारच होते, तेवढ्यात फोनवर मुलगा अक्षरशः किंचाळला. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, दगड उकळला तर ते वाफेबरोबर छातीत जातं, असं करून घरंच्या घरं हॉस्पिटलात भरती झाली आहेत. पातेल्यात मग बटाटे उकडले.

खरा उपाय निघाला तो असा की शेवाळ मारायला शेवाळ पाळायचं. खालच्या छोट्या टाकीत कीटोमॉर्फाचा गुंता ठेवायचा, त्याला रात्रभर दिवा लावायचा. तो नायट्रेट-फॉस्फेट ओढून वाढतो, मग वरच्या शेवाळाला उपास. वाढलेला गुंता मूठ-मूठ काढून फेकायचा. आमच्या इथल्या पाणथळीत हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. त्यातले लहान फ्लेमिंगो तर निळंहिरवं शेवाळ गाळून खायला एवढा प्रवास करतात. ठाणे खाडीला २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन तिथे उभे असतात. माझ्या तिसऱ्या मजल्यावर मात्र शेवाळाचं कोणाला कौतुक नाही.

पण उपाय लागू पडला. दगड स्वच्छ, काच स्वच्छ, वाळू पांढरी. मी नायट्रेट तपासलं, शून्य. फॉस्फेट, शून्य. दहावीचा निकाल कळवावा तसा मुलाला फोन केला.

तो गप्पच. मग म्हणाला, "वाळूवर काही तपकिरी दिसतंय का? चिकट धागे, त्यात बुडबुडे, रात्री कमी होणारे?"

दिसत होतं. मी ते आजच बघितलं होतं आणि निकालात धरलं नव्हतं.

"डायनो," तो म्हणाला. "डायनोफ्लॅजेलेट, एक सूक्ष्म शेवाळ. पाण्यात काहीच उरलं नाही की बाकीचे उपाशी मरतात आणि हे माजतात. काही जातींनी शंखसुद्धा मरतात. आई, पाणी फार स्वच्छ झालंय. थोडं नायट्रेट-फॉस्फेट वाढवायला हवं. बाजारात बाटली मिळते, पण सध्या माशांना रोज जरा जास्त खायला घालत जा."

फोन स्पीकरवर होता. सासूबाई सोफ्यावरून उठल्या, माझ्यासमोर येऊन हात पुढे केला.

"आण तो डबा. आणि चमचा नको, मला अंदाज आहे."