सोमरसाची किंमत कुणी मोजली? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. साठी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणते. अमीश त्रिपाठींच्या शिवकथेच्या तीन कादंबऱ्यांपैकी शेवटच्या ‘वायुपुत्रांची शपथ’वर मी लिहिलं होतं त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली, आणि "धन्यवाद, ज्याचं त्याचं मत" म्हणून सोडून द्यावी अशी ती नाहीये. तुम्ही मनापासून चिडलायत आणि चिडायला तुमच्याकडे कारणं आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार, थोडं सांभाळून घ्या.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. काकांचं म्हणणं असं, की अमीश त्रिपाठींनी शंकराला माणूस करून टाकला, सतीचं मरण पुराणात आहे तसं न ठेवता मारेकऱ्यांच्या हातून घडवलं, शेवटी शंकर बायकोच्या मरणाचा सूड म्हणून अख्खं शहर नष्ट करतो तर हा कसला महादेव, आणि मधली दोनशे पानं नुसती रटाळ लढाई. काकांचे वडील कीर्तनकार होते, दक्षयज्ञाचं आख्यान त्यांनी लहानपणापासून ऐकलंय, आणि "तुमच्यासारख्यांनी कौतुक केलं की पोरं पुराण सोडून हेच खरं मानतात" हे त्यांचं शेवटचं वाक्य.

रटाळ लढाईचं आधी संपवते, कारण तिथे आपलं भांडणच नाही. जहाजं कुठून निघाली, कुठली तुकडी कुठे थांबली, हे पानंच्या पानं चालतं आणि २०१० आणि २०११ च्या पहिल्या दोन भागांत जो वेग होता तो २०१३ च्या या शेवटच्या भागात मध्येच बसकण मारतो. संवादही कित्येकदा आजच्या ऑफिसातल्या मीटिंगसारखे वाटतात. मान्य, पूर्ण मान्य.

पण बाकीच्या तीन मुद्द्यांवर मला भांडायचंय.

आधी सती. तुम्ही म्हणता "पुराणात आहे तसं". कुठल्या पुराणात, काका? भागवताच्या चौथ्या स्कंधात सती बापाच्या यज्ञात योगाग्नीने देह जाळते, तुमच्या वडिलांचं आख्यान बहुतेक यावरूनच असणार. पण महाभारताच्या शांतिपर्वात दक्षयज्ञाची जी कथा येते तिथे सती मरतच नाही, तिथे उमा आहे, नवऱ्याला यज्ञात भाग दिला नाही म्हणून ती दुखावते आणि मग वीरभद्र यज्ञ उधळतो. आणि शंकर तिचा देह खांद्यावर घेऊन फिरला, अवयव जिथे पडले तिथे शक्तिपीठं झाली, ही जी गोष्ट आज आपल्याला सगळ्यात ओळखीची आहे ती भागवतात नाहीच, ती देवीभागवत, कालिकापुराण अशा ग्रंथांतून येते. म्हणजे कथा वाढत गेली, प्रत्येक सांगणाऱ्याने आपल्या काळाला जे हवं ते तिच्यात घातलं, आणि आपण ते सगळं एकत्र करून "पुराणात असं आहे" म्हणतो. कालिदासाच्या शाकुंतलातली अंगठी आणि दुर्वासाचा शाप मूळ महाभारतात नाही. आपल्या खांडेकरांनी ‘ययाति’मध्ये कचाला शेवटपर्यंत कथेत ठेवला, त्याच्या तोंडी स्वतःच्या मनातलं सगळं घातलं, आणि त्याच कादंबरीला १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला, तेव्हा कुणी म्हटलं नाही की पोरं आता आदिपर्व सोडून हेच खरं मानतील.

मग अमीशनी नेमकं काय बदललं ते बघा. त्यांची सती योद्धा आहे, पहिल्या भागापासून. तिचा बाप दक्ष, मेलुहा या देशाचा राजा, शांततेची बोलणी करू म्हणून निरोप धाडतो, शंकर तिथे नसतो म्हणून त्याच्या वतीने सती दक्षाच्या राजधानीला, देवगिरीला जाते, आणि तिथे इजिप्तहून आणलेले मारेकरी शंकरासाठी दबा धरून असतात. दक्षाला मुलीला मारायचंच नसतं. त्याने सापळा जावयासाठी लावलाय, अडकते मुलगी. ती शेवटपर्यंत तलवार खाली ठेवत नाही. मला हा पुराणातल्या सतीचा अपमान वाटत नाही, उलट बापाच्या हट्टापायी मुलगी जाते हा जो त्या कथेचा गाभा आहे तो जसाच्या तसा राहिलाय, फक्त इथे तिचं मरण तिच्या एकटीच्या अंगावर टाकलेलं नाही, ते बापाच्या हातून घडतं आणि ते त्याला कळतं. भागवतातला दक्ष मुलगी समोर आली तरी तिच्याशी बोलत नाही. इथला दक्ष तिच्यावर जीव टाकतो आणि तरी तिला मारून बसतो. मला तरी दुसरा जास्त भयंकर वाटला.

आता "शंकराला माणूस केला". हो, केला, आणि पहिल्या पानापासून केला, तिबेटातल्या एका टोळीचा म्होरक्या, चिलीम ओढणारा, नाचणारा, शिव्या देणारा. ते तिसऱ्या भागात अचानक झालेलं नाही. पण मालिका खरी कशाबद्दल आहे? देव आहे की नाही हा प्रश्न तिच्यात दुय्यम आहे असं माझं ठाम मत आहे. ती अमरत्वाबद्दल आहे, आणि अमरत्वाची किंमत कोण मोजतं याबद्दल.

सोमरस घ्या. मेलुहातली माणसं तो पितात आणि शंभर दीडशे वर्षांची होऊनही तरणीताठी दिसतात. पहिला भाग वाचताना आपल्यालाही वाटतं की किती छान देश, सगळं शिस्तीत, रस्ते सरळ, कुणी म्हातारं होत नाही. मग तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला पंचवटीत, मेलेला समजलेला बृहस्पती, सोमरस बनवणारा शास्त्रज्ञ, शंकरासमोर जिवंत बसलेला असतो आणि सगळं उलगडून सांगतो. सोमरस बनवायला सरस्वतीचं प्रचंड पाणी लागतं, म्हणून नदी आटत चाललीय. बनवून झाल्यावर जो विषारी गाळ उरतो तो मेलुहात ठेवत नाहीत, लांब हिमालयापलीकडे त्सांगपो नदीत सोडतात, तिथे कोण बघतंय. पण त्सांगपो म्हणजेच खाली आल्यावरची ब्रह्मपुत्रा. ते विष वाहत वाहत ब्रंगांच्या देशात येतं आणि तिथे पोरंबाळं साथीने मरतात. आणि खुद्द मेलुहातही सोमरस पिणाऱ्यांच्या पोटी काही मुलं व्यंग घेऊन जन्मतात, त्यांना नाग म्हणून देशाबाहेर काढतात, पूर्वजन्मीचं पाप म्हणून. सतीची जुळी बहीण काली अशीच, आणि सतीचा थोरला मुलगा गणेशही असाच. राजाच्या घरातली मुलं, पण जन्मल्याबरोबर घरातून गेली.

काका, हे वाचताना मला सगळ्यात आधी ययातीच आठवला. खांडेकरांचा नाही, महाभारतातलाच. बापाला तारुण्य हवं, म्हणून मुलाने म्हातारपण घ्यायचं. पुरूने निदान विचारून, स्वतःच्या तोंडाने हो म्हणून घेतलं होतं. ब्रंगातल्या पोरांना कुणी विचारलं? आपल्या परंपरेत अमरत्व फुकट कधीच कुणाला मिळालेलं नाही. समुद्रमंथनात अमृताच्या आधी हलाहल वर येतं आणि ते कुणाला तरी प्यावं लागतं, आणि बृहस्पतीचा सोमरसाचा पहिला कारखाना मंदार पर्वतावर असतो हे काही उगीच नाही, मंथनाची रवी तीच होती ना. सात चिरंजीवांच्या श्लोकात पहिलं नाव अश्वत्थाम्याचं, त्याला अमरत्व शाप म्हणून मिळालं, नर्मदेकाठी तो अजून जखमेला तेल मागत फिरतो असं लोक सांगतात. आणि कठोपनिषदातला नचिकेता, यम त्याला हवं तेवढं आयुष्य घे म्हणतो, हत्तीघोडे घे म्हणतो, आणि तो पोरगा म्हणतो की आख्खं आयुष्य दिलंत तरी ते थोडंच, ते तुमच्याकडेच ठेवा. अमीशची कादंबरी याच रांगेत उभी आहे, भाषा कमकुवत असेल, लढाया लांबल्या असतील, पण प्रश्न आपल्याच घरातला आहे आणि त्यांनी तो नदीच्या पाण्यापर्यंत आणून दाखवलाय, हे मला फार मोठं वाटतं. नाशिकला रामकुंडापाशी उभं राहिलं की अमृताचा थेंब इथे पडला म्हणून कुंभमेळा भरतो हे आपल्याला सांगतात, आणि कादंबरीत त्याच पंचवटीत नागांची राजधानी आहे, म्हणजे अमृतापायी ज्यांना देशाबाहेर काढलं त्यांची वस्ती. ही जागा निवडली त्याबद्दल तरी दाद द्या.

आता तुमचा सगळ्यात जड मुद्दा, शेवट. शंकर पाशुपतास्त्र सोडतो आणि देवगिरी जाते. तुम्ही म्हणता महादेव सूड घेत नाही. मी म्हणते की या माणसाचा शेवट दुसरा होऊच शकत नव्हता. जरा मागे जा. संपूर्ण तिसऱ्या भागात शंकर लोकांना काय सांगतोय? की सोमरस सोडा, म्हणजे लवकर म्हातारे व्हा, लवकर मरा, मरण नैसर्गिक आहे ते स्वीकारा. लाखो लोकांना तो हे सांगतोय आणि त्यासाठी युद्ध करतोय. परिहाला जाऊन वायुपुत्रांकडून ते अस्त्र आणतो तेही धाक दाखवायला, वापरायला नाही, कारण आधीचे महादेव रुद्र यांनी दैवी अस्त्रांवर बंदी घातलेली असते आणि वायुपुत्र ही त्यांचीच माणसं. आणि मग एक मरण, फक्त एक, त्याच्या स्वतःच्या घरात होतं आणि त्याला ते स्वीकारता येत नाही. दुसऱ्यांना मरण शिकवणारा माणूस स्वतःच्या बायकोच्या मरणापुढे मोडून पडतो, बंदीही मोडतो, आणि ज्या अस्त्राने कुणी मरू नये म्हणून ते आणलं होतं तेच सोडतो. लेखकाने त्याला इथे सोडवलेलं नाही, एखादी आकाशवाणी आणून त्याचा हात धरलेला नाही. मालिकेचा शेवट करताना वाचकाच्या लाडक्या नायकाचे हात स्वच्छ ठेवायचा मोह किती असेल, विचार करा, पुस्तकाची वाट बघणारे लाखो वाचक होते. त्यांनी तो आवरला. म्हणून मी त्या पोस्टमध्ये शेवटाला धाडसी म्हटलं आणि अजूनही म्हणते.

आणि पर्वतेश्वराबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत याचं मला वाईट वाटलं. मेलुहाचा सेनापती. शंकर बरोबर आहे हे त्याला पटलेलं आहे, शंकराला तो देव मानतो, आणि तरी मेलुहाचं रक्षण ही आपली शपथ म्हणून समोरच्या बाजूला जाऊन उभा राहतो. शेवटी तो देवगिरीतून बाहेर पडू शकत असतो, पडत नाही. आनंदमयी त्याच्याबरोबर थांबते, अयोध्येची राजकन्या, नाचगाण्यात रमणारी, शत्रूच्या शहरात नवऱ्याचा हात धरून. भीष्म आणि कर्ण वाचून मोठं झालेल्या माणसाला हा माणूस परका वाटूच शकत नाही. पुराण ज्या कामासाठी असतं, म्हणजे दोन्ही बाजूंना धर्म आहे आणि तरी एक बाजू निवडावी लागते हे माणसाच्या आत उतरवायचं, ते काम हे एक पात्र करतं.

पोरं पुराण सोडतील या भीतीबद्दल एवढंच की आमच्या ओळखीतल्या ज्या मुलांनी ही तीन पुस्तकं वाचली त्यांनी नंतर प्रश्न विचारले, खरा वीरभद्र कोण, नंदी खरंच बैल होता का, आणि उत्तरं द्यायला घरात कुणी नव्हतं. म्हणजे अडचण उत्तरं देणारे कमी झाले ही आहे, आणि तिथे तुमच्यासारखी माणसं लागतात, हे मी अगदी मनापासून म्हणते.

शेवटी, तुम्ही काढायला हवा होता असा एक मुद्दा तुम्ही काढला नाही, तो मीच काढते, कारण या पुस्तकाविरुद्ध माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. भागवतात वीरभद्र दक्षाचं डोकं उडवतो, पण कथा तिथे संपत नाही. ब्रह्मदेव आणि बाकीचे देव कैलासावर जातात, शंकर शांत होतो, दक्षाच्या धडाला बोकडाचं डोकं लावून त्याला उठवतो, आणि अर्धवट राहिलेला यज्ञ पुरा होतो. बायको गेलेली असताना सासऱ्याला परत जिवंत करणं, हे पुराणातल्या शंकराला जमतं. कादंबरीतल्या शंकराला जमत नाही, त्याच्याकडे क्षमेचा एकच तुकडा दिसतो, भृगू ऋषींना त्यांच्या ज्ञानासाठी जिवंत ठेवतो तेवढा, बाकी दक्ष, त्याची बायको वीरिणी, पर्वतेश्वर, आनंदमयी, सगळे राख. मला समजतं की ज्या गोष्टीत अमरत्वच बंद करायचं ठरलंय तिथे मेलेला माणूस उठवता येणार नाही, पण माफ तर करता आलं असतं ना? शेवटच्या पन्नास पानांत मला ती क्षमा हवी होती आणि ती मिळाली नाही. तुमच्या वडिलांच्या आख्यानात ते बोकडाच्या डोक्याचं प्रकरण कसं रंगायचं, लोक हसायचे की रडायचे, आणि शंकर नेमका कुठल्या शब्दावर निवळायचा, तेवढं आठवत असेल तर खाली सविस्तर लिहा, मी वाट बघते.