आमची हवा

डिसेंबरातला शनिवार, सासुरवाडीला साताऱ्याला निघालेलो, शेजारी बायको, मागच्या सीटवर सामान आणि मागून आपल्या आठशे सीसीच्या जुन्या डब्यात मेव्हणा. ह्या मेव्हण्याला मी शिरवळला चहा पिताना टर्बो समजावून सांगितला होता. तो विचारत नव्हता, तरी. म्हणलं हे बघ, आपलं साधं इंजिन नाकाने श्वास घेतं, टर्बोवाल्या इंजिनाला लोहाराचा भाता लावलेला असतो आणि तो भाता हलवायला माणूस लागत नाही, सायलेन्सरमधून फुकट जाणारा धूरच त्याच्या आतलं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे फिरवतो, १९०५ साली अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने पेटंट घेतलं याचं वगैरे वगैरे. मेव्हण्याने बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून खाली गेलं, तो चमच्याने ते काढत बसला. तरी मी थांबलो नाही. बिल मात्र त्याने दिलं, मी तेवढा वेळ ब्यूखीवर होतो.

वीस मिनिटांनी खंबाटकी. घाट लागला, पुढे सिमेंटचा ट्रेलर, मी तिसरा टाकला, पाय खाली दाबला आणि काहीच झालं नाही. म्हणजे इंजिन चालू, आवाज चालू, पण गाडी अशी पुढे निघाली जसा लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त झालेला माणूस उठतो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. आरशात बघितलं तर मागे काळा धूर, आणि त्या धुरातून आठशे सीसीचा डबा बाहेर आला, बाजूला आला, काच खाली झाली.

"दाजी, भाता झोपला का?"

आणि पुढे गेला. ट्रेलरच्याही पुढे गेला.

वर घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेऊन बंद केली, चालू केली, आणि एकदम ठणठणीत. सासुरवाडी येईपर्यंत दोनदा असंच झालं. जोर लावला की मेली, बंद-चालू केली की बरी, शाळेतून घरी पाठवलेल्या पोरासारखी. साताऱ्यात मेव्हण्याने ही गोष्ट चौदा जणांना सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "जाऊदे हो जावईबापू, जुनी झाली असेल." गाडीला अडीच वर्षं झालेली.

आता इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे जी त्या वेळी मी कुणालाच सांगितली नव्हती. गाडी ट्यून केलेली होती. डिझेल, दीड लिटर, आणि ऑगस्टमध्ये मी तिच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, नवा मॅप, म्हणजे नवी सेटिंग्ज, टाकून घेतला होता, स्टेज वन, म्हणजे ट्यूनिंगची पहिली पायरी, टर्बोचा दाब वाढवून. अठ्ठावीस हजार. घरी हे अठ्ठावीस हजार 'क्लचप्लेट' या नावाने जमा आहेत. वर सहा हजाराचा ओपन एअर फिल्टर, तो मी स्वतः पार्किंगमध्ये रविवारी बसवला, त्याची पट्टी नीट बसेना म्हणून थोडी वाकवून, थोडी ड्रिल मारून. ह्या फिल्टरचा एकच फायदा, आवाज. पाय दाबला की फुस्स्स, सोडला की फिस्स. मला तो आवाज इतका आवडायचा की मी सिग्नलला म्युझिक बंद करायचो. आणि नोव्हेंबरपासून तर तो अजूनच मस्त यायला लागला होता, मला वाटलं फिल्टर 'खुलला'. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर आजार असा आणि पेशंट असा, की डॉक्टरला दारूचं सांगायचं नाही.

पुण्यात आल्यावर पहिलं काम, गाडीतले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारं ते ब्लूटूथवालं डोंगल मागवलं. ते लावायचं भोक स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या वर, अशा जागी असतं की डोकं पेडलपाशी आणि पाय दाराबाहेर केल्याशिवाय दिसत नाही. त्या अवस्थेत मला वॉचमनने बघितलं आणि बायकोला इंटरकॉम केला की साहेब पडलेत. असो. अॅपमध्ये कोड आला, पी ०२९९. अंडरबूस्ट. म्हणजे ईसीयूने जेवढी हवा मागितली तेवढी आली नाही, म्हणून त्याने डिझेल तोडलं आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे लंगडत चालायच्या अवस्थेत, टाकली. मराठीत सांगायचं तर हवा कमी आहे. हे मला मेव्हण्याने फुकट सांगितलं होतं.

मग अॅपमधला दाब बघितला. इंजिन बंद, नुसती चावी फिरवलेली, आणि आकडा ९५. मी हादरलो. इंजिन बंद असताना दाब कुठून आला? दोन तास मी सेन्सर खराब आहे या निष्कर्षावर होतो, नवा सेन्सर कार्टमध्येही टाकला, मग कळलं की ते ९५ किलोपास्कल म्हणजे पुण्याची हवा आहे. समुद्रकिनारी १०१ असते, आपण साडेपाचशे मीटर वर म्हणून थोडी कमी. यंत्र वातावरणाचा दाब धरून सांगतं. मी माझ्या गाडीत आख्ख्या पुण्याची हवा मोजत बसलेलो.

सोसायटीत बातमी पसरल्यावर एकमताने निदान झालं, उंदीर. थंडीत उंदीर गरम बॉनेटमध्ये येऊन बसतात आणि पाइप खातात हे खरंच आहे, बी विंगमधल्या एकांच्या गाडीची वायरिंग खाल्ली होती. मग उपाय सुरू. तंबाखूची पानं ठेवा, कुणी म्हणे फिनेल शिंपडा, कुणी डांबराच्या गोळ्या. बायकोने तिन्ही केलं. एसी लावला की पानपट्टीवर उभं राहून हॉस्पिटलची फरशी हुंगल्यासारखं वाटायचं. मी टॉर्च घेऊन व्हॅक्यूमचे बारीक पाइप सगळे तपासले, एकही कुरतडलेला नाही. पण उंदीर ही थिअरी मला सोयीची होती, त्यामुळे मी "शक्य आहे, शक्य आहे" म्हणत राहिलो.

पुढचे बारा दिवस मी काय काय केलं ते थोडक्यात. आत जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर स्प्रेने धुतला, साडेपाचशे, फरक शून्य. गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं 'टर्बो गेला भावा, ६०-७० हजार धर', त्या रात्री जेवलो नाही. सकाळी तोंडाचा पाइप काढून टर्बोचं चक्र बोटाने हलवून बघितलं, छान फिरत होतं, घासत नव्हतं, ऑइल नाही, काही नाही. सर्व्हिस सेंटरला नेली तर तिथल्या पोराने बॉनेट उघडल्या उघडल्या विचारलं, "सर, बाहेर काही काम केलंय का?" आणि मी म्हणालो, "छे." माझ्या आणि त्याच्या मधे सहा हजाराचा लालभडक फिल्टर चमकत होता. दोघंही त्याच्याकडे बघत होतो. गाडी परत आणली.

ट्यूनरला फोन केला. त्याचं म्हणणं मॅपमध्ये काही नाही, तू लॉग पाठव, म्हणजे चालत्या गाडीतल्या दाबाचे आकडे, तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून ४००० पर्यंत फुल पाय. रविवारी पहाटे सहाला बायपासच्या बाजूचा रिकामा रस्ता बघून गेलो, बरोबर दहावीतला भाचा, मोबाईल धरायला. मी पाय दाबला आणि तो हाउजीचे आकडे काढावेत तसा ओरडायला लागला, "एकशे बारा! एकशे अठरा! मामा, एकशे चोवीस!" यायला पाहिजे होते दोनशे चाळीस. एकशे चोवीसवरच थांबलं, दिवा लागला, मागे काळा धूर. भाचा म्हणाला, "मामा, कुणाचंच फुल हाउस नाही."

त्या काळ्या धुरामुळे मात्र डोक्यात प्रकाश पडला. एअरफ्लो सेन्सर बसतो सुरुवातीला, फिल्टरपाशी. तिथे हवा मोजली जाते आणि त्या हिशोबाने डिझेल सुटतं. आता मोजल्यावर वाटेत हवा गळाली तर? म्हणजे दारात शंभर पाहुणे मोजले, शंभरांचा भात लावला आणि चाळीस जण मागच्या दाराने पळाले. उरलेला भात म्हणजे तो काळा धूर. टर्बो ठीक, मॅप ठीक, मधला पाइप कुठेतरी फुटलाय. पण उभ्या गाडीत दाब तयार होत नाही, त्यामुळे नुसतं बघून फुटलेलं दिसत नाही. दाब बाहेरून द्यायला पाहिजे.

त्यासाठीचं हत्यार हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. नळकामाचं पीव्हीसीचं टोपण, त्याला मधोमध भोक आणि त्या भोकात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. टोपण पस्तीस रुपये. व्हॉल्व्हसाठी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या अण्णाकडे गेलो. तो केरळचा, म्हणजे खरं तर चेट्टा म्हणायला पाहिजे, पण पुण्यात दक्षिणेकडचा प्रत्येक माणूस अण्णा. त्याला सगळं खरं सांगितलं. अठ्ठावीस हजारसुद्धा. का कोण जाणे, पंक्चरवाल्यापुढे माणूस मोकळा होतो.

अण्णाने फिल्टर काढून टर्बोच्या तोंडात टोपण घातलं, क्लिप आवळली, कॉम्प्रेसरची नळी लावली. पहिल्या खेपेला सात-आठ पीएसआयला टोपण सुटलं ते थेट टायरच्या चळतीवर जाऊन आदळलं, तिथे झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं. दुसऱ्यांदा दोन क्लिपा. काटा दहावर आणून अण्णाने मला गप्प बसायची खूण केली आणि मान वाकडी करून ऐकत राहिला. मग निरम्याचं पाणी बोटांनी शिंपडत गेला, टर्बोचा जोड, टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा जोड, कुठेच काही नाही. मग त्याने मोठ्या रबरी होजच्या खालच्या अंगाला, जिथे डोळा पोचत नाही, तिथे हात घातला. हात बाहेर आला तो कोपरापर्यंत फेसाने भरलेला.

आरसा धरून बघितलं. होजला बोटाच्या पेराएवढी चीर, कडा चाकूने तासल्यासारख्या गुळगुळीत, आणि चिरीला बरोबर टेकलेली एक पत्र्याची पट्टी. थोडी वाकवलेली. थोडं ड्रिल मारलेली.

"साहेब, ही पट्टी कोणी लावली?"

"गॅरेजवाल्याने," मी म्हणालो. मोकळेपणालाही मर्यादा असते.

इंजिन जोरात आलं की हलतं, हललं की पट्टी होजला घासायची, ऑगस्टपासून रोज थोडी थोडी, आणि वाढवलेल्या दाबाने शेवटी तिथूनच वाट काढली. नोव्हेंबरात जो आवाज अजून मस्त यायला लागला होता तो फिल्टर खुलल्याचा नव्हता. मी दीड महिना स्वतःच्या पाइपाची गळती म्युझिक बंद करून ऐकत होतो.

अण्णाने तपासणीचे दीडशे घेतले. नवा होज तीन दिवसांनी आला, चौदाशे. पट्टी कापली. गाडी पहिल्यासारखी. घरी बायकोने विचारलं काय निघालं, आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "उंदीर."

ती गप्प बसेल असं वाटलं होतं. तिने त्याच संध्याकाळी माळ्यावरून पिंजरा काढला, त्यात कांदाभज्याचा तुकडा अडकवला आणि गाडीखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "ये, तुझा चोर बघ!" पिंजऱ्यात एक बारका, ओल्या मिश्यांचा उंदीर, भजं अर्धं खाल्लेलं. सोसायटीतले पाच-सहा जण जमलेले, बी विंगवाले त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतायत, "हाच तो." उंदीर फक्त माझ्याकडे बघत होता.

लांब सोडून ये असा हुकूम झाला. पिंजरा शेजारच्या सीटवर ठेवला, बेल्ट लावला. वारज्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, तिसरा टाकला आणि पाय पूर्ण दाबला. दोन हजारला हवा आली, सगळी आली, सीटने पाठीला ढकललं. बाजूला बघितलं तर उंदीर पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला चिकटलेला, भज्यासकट.