ग्राहकाच्या हाती किल्ली दिली तर आपला धंदा बसतो का?

मागच्या आठवड्यात अमरावतीला आपल्याच वेबसाइट बनवायच्या लाइनमधला एक मित्र भेटला. चहा घेता घेता म्हणाला, "तू ग्राहकाले एडिटिंग शिकवून आपल्या सगळ्यांच्या पोटावर पाय देऊन राहिला." तेव्हा मी गप्प बसलो. पण वरूडला घरी येईपर्यंत गाडीवर डोक्यात तेच चालू होतं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

मी २०१३ पासून वेबसाइट बनवतो. ग्राहक इथलेच: संत्र्याच्या नर्सऱ्या, कृषी केंद्रं, मंगल कार्यालयं, दोन शाळा, एक पतसंस्था. आपल्या भागात साइट बनवायचे पैसे एकदाच मिळतात, तेही घासाघीस करून, आणि त्यातले अर्धे दिवाळीनंतर. घर चालायचं ते 'चेंजेस'वर. भाव बदलला, फोटो टाकला, की २०० रुपये. असे सुटे सुटे महिन्याला चार-पाच हजार जमायचे. ते पैसे सोडणं सोपं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

शेंदुरजनाघाटच्या बाजूचे एक नर्सरीवाले काका माझे जुने ग्राहक. जून लागला की त्यांचा फोन यायचा. "भाऊ, जंबेरीवरच्या कलमाचा भाव बदलवून देजो. पस्तीस नाही, चाळीस कर." दोन दिवसांनी पुन्हा, "रंगपूरवरची संपली, तसं लिहून टाक." (जंबेरी आणि रंगपूर म्हणजे संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात ते खुंट.) एका वर्षी नेमकं याच दिवसांत वडिलांना नागपूरला दवाखान्यात भरती केलं होतं. चार दिवस लॅपटॉप उघडलाच नाही. साइटवर जुनाच भाव राहिला. पांढुर्ण्याकडचा एक शेतकरी भाड्याची पिकअप घेऊन आला आणि त्याने मोबाइलवर ३५ चा आकडा दाखवला. काकांनी ८०० कलमं ३५ नेच दिली. म्हणजे ४,००० रुपये गेले. माझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "बाबाची तब्येत पाह्य आधी. पण मले एक सांग, दुकानाच्या पाटीवरचा भाव मी खडूनं बदलवतो ना? मंग हा काहून नाही?"

२०० रुपयांसाठी मी त्यांची पाटी माझ्या खिशात ठेवली होती. साइट वर्डप्रेसवरच होती, म्हणजे साइट बनवायच्या आणि चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर. वर्डप्रेस २००३ साली आलं, आणि कोड न लिहिता मजकूर टाकता यावा ही सोय त्यात पहिल्यापासून आहे. मी फक्त त्यांना लॉगिन दिलं नव्हतं.

मग मी सगळ्यांना लॉगिन वाटले, आणि तेही चुकीच्या पद्धतीने: सरसकट ॲडमिन, म्हणजे साइटचे सगळे अधिकार. एका शाळेच्या बाबूंनी समोर अपडेटचं बटण दिसलं म्हणून दाबलं, आणि मी थीमच्या (साइटच्या तयार साच्याच्या) फाइलींमध्ये केलेले सगळे बदल पुसले गेले. चूक त्यांची नव्हती. चाइल्ड थीम (आपले बदल वेगळे ठेवणारी जोड-थीम) न करता मूळ थीममध्येच हात घालणारा मी होतो. दुसऱ्या एका ठिकाणी अध्यक्षांचं मनोगत कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, ते तसंच चिकटवलं. साइटवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. मंगल कार्यालयवाल्यांनी मोबाइलमधले सहा-सहा एमबीचे चाळीस फोटो पहिल्याच पानावर टाकले. गावातल्या नेटवर्कवर ते पान उघडायचंच नाही.

आपले लोक अशा वेळी म्हणतात, "पाहा, ग्राहकाच्या हाती दिलं की असं होते." मला हे पटत नाही. घरात वीज घेताना आपण वायरमनला असं म्हणतो का, की बटण तूच येऊन दाबत जा? बटण कुठे द्यायचं आणि वायर कुठे झाकायची, हे ठरवण्याचेच तर त्याला पैसे मिळतात.

काकांच्या साइटला मी तेच केलं. ॲडमिन काढून एडिटरचा रोल दिला, म्हणजे थीम आणि प्लगिन (साइटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) त्यांना दिसतच नाहीत. भावासाठी वेगळा फॉर्म बनवला. त्यात चारच रकाने: खुंट, कलमाची उंची, भाव, शिल्लक आहे की संपली. फोटो चढवला की तो आपोआप लहान होतो. बॅकअप रोज रात्री. या कामाला मला आठ दिवस लागले आणि त्याचे पैसे मी वेगळे लावले. मग नर्सरीवर जाऊन दोन तास शिकवलं. शिकली काकांची सून. तिने वहीत मराठीत पायऱ्या लिहून घेतल्या आणि माझ्यासमोर तीनदा भाव बदलून पाहिला. तिसऱ्यांदा मला म्हणाली, "दादा, तुम्ही आता उठा, मी एकटी करून पाहते."

तेव्हापासून भावासाठी फोन आला नाही. फोन येतात ते दुसऱ्याच कामासाठी. कलमांचं आगाऊ बुकिंग घेता येईल का, मध्य प्रदेशातल्या लोकांसाठी हिंदी पान करता येईल का. ही कामं हजारांतली आहेत. पण हे सगळीकडे घडलं असं नाही. तीन ग्राहक किल्ली मिळाल्यावर परत आलेच नाहीत. पहिल्या वर्षी ती चार-पाच हजारांची पोकळी चांगलीच जाणवली. आता बॅकअप, अपडेट आणि बिघाड असा वर्षाचा ठरलेला करार करतो. सगळे करत नाहीत, जेमतेम निम्मे करतात.

'पाच मिनिटांत स्वतःची वेबसाइट' या जाहिरातींबद्दलही थोडं. ज्याला दुकानाचं नाव, पत्ता आणि चार फोटो एवढंच हवं, त्याला मी स्वतःच सांगतो की विक्स या स्वतः साइट बनवायच्या सेवेवर कर, मला पैसे देऊ नको. फक्त तिथे बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर) नेता येत नाही, हे त्याला आधी सांगतो. ते जाहिरातीत कोणी सांगत नाही.

आणि एका गोष्टीचा मला खरंच राग आहे. आपल्यातले काही जण ग्राहकाचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतात, म्हणजे तो कुठे जाणार नाही. शेतकऱ्याचा सातबारा आपल्या नावावर करून घेण्यासारखंच आहे हे. मित्रांनो, असं करू नका. केलं असेल तर या महिन्यात परत करून टाका.

भावाचा तो फॉर्म कोणाला हवा असेल तर मेसेज करा. कोड असाच देतो, पैसे नकोत. कृषी केंद्राच्या बियाणं-खतांच्या यादीलाही थोड्या बदलाने चालतो, मी दोन ठिकाणी लावला आहे.